लोटलीचे बिग फूट: तीन पिढ्यांनी एकत्र फिरावे असे उद्यान

कोणत्याही मोठ्या मनोरंजन उद्यानाच्या दारात दोन पाट्या हमखास भेटतात, एक तिकीटदरांची आणि दुसरी उंचीची. रेघेच्या खाली ज्याचे डोके राहते त्याला मोठ्या पाळण्यात बसता येत नाही, आणि रक्तदाब, हृदयविकार, पाठीचे दुखणे किंवा गर्भारपण असलेल्यांनी बसू नये अशी सूचना तिच्याच शेजारी लावलेली असते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे नियम अगदी योग्य आहेत. पण त्यांचा परिणाम असा होतो, की घरून एका गाडीतून निघालेले कुटुंब आत शिरल्यावर पाच मिनिटांत पांगते. कॉलेजच्या वयाची मुले उलटेपालटे फिरवणाऱ्या पाळण्यांकडे धावतात, लहानग्यांना घेऊन आई घोड्यांच्या चक्राशी उभी राहते, वडील खाण्याच्या कूपनांच्या रांगेत अडकतात आणि आजी-आजोबा सर्वांच्या पिशव्या, चपला आणि मोबाइल सांभाळत एखाद्या बाकावर बसून राहतात. संध्याकाळी सगळे पुन्हा गाडीत बसतात तेव्हा प्रत्येकाने निराळाच दिवस घालवलेला असतो. सर्व वयांच्या माणसांना आवडेल असे उद्यान कसे असते, हा प्रश्न खरे म्हणजे त्या बाकावर बसून विचारायला हवा, आणि गोव्याच्या साष्टी तालुक्यातील लोटली गावच्या ‘बिग फूट’चे हे परीक्षण मी त्याच अंगाने लिहीत आहे.

थीम पार्क हा प्रकार मुळात बाकावरच्या कंटाळ्यातूनच जन्माला आला. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसमधल्या ग्रिफिथ पार्कात घेऊन जात. मुली घोड्यांच्या चक्रात फिरत आणि ते स्वतः बाकावर बसून शेंगदाणे खात राहत. आईवडिलांना आणि मुलांना एकत्र मजा करता येईल अशी एखादी जागा असायला हवी, हा विचार तेथे सुचल्याचे त्यांनीच पुढे सांगितले, आणि १७ जुलै १९५५ रोजी अनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले. जत्रेतल्या सुट्या सुट्या पाळण्यांना त्या उद्यानाने एका गोष्टीत ओवले, आणि पाळण्यात न बसणाऱ्यालाही रस्त्यांवरून, किल्ल्याच्या पायथ्याशी, खोट्या अरण्याच्या कडेने दिवसभर हिंडावेसे वाटेल अशी रचना केली. आपल्याकडे १९८४ मध्ये दिल्लीत अप्पू घर आले, १९८९ मध्ये मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड आले, २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आले. या मोठ्या उद्यानांबरोबर आणि त्यांच्या पाठोपाठ गावोगाव निघालेल्या लहान उद्यानांमध्ये पाळणे तेवढे भराभर आले; बाकाचा विचार मात्र फारसा कोणी केला नाही.

अशाच एका जलक्रीडा उद्यानात, ज्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, पाण्यात पाऊलही न टाकणाऱ्या माझ्या आईचे तिकीट आम्हाला पूर्ण दराने काढावे लागले होते. आत गेल्यावर, साडी नेसलेल्या बाईने तळ्याच्या कडेला उभे राहू नये, असा नियम निघाला. त्यामुळे नातवंडे घसरगुंडीवरून खाली येत असताना त्यांना पाहण्याचे सुखही तिच्या वाट्याला आले नाही. तिने तक्रार केली नाही. पुढच्या सुटीत कोठे जायचे याची चर्चा निघाली तेव्हा मात्र “तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते,” एवढे एकच वाक्य ती बोलली, आणि कोणत्याही ग्राहकाने दिलेला यापेक्षा कडक अभिप्राय माझ्या ऐकिवात नाही.

गोव्याच्या पर्यटनात तर वयांची ही वाटणी अधिकच ठळक दिसते. कॅसिनोंमध्ये एकवीस वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, रात्री उशिरापर्यंत चालणारे क्लब तरुणांचे, आणि किनाऱ्यावरचे पॅराग्लायडिंग व स्पीडबोटी अंगात रग असलेल्यांच्या. आमच्यासारख्या येथल्या माणसांचा समुद्राशी संबंध वेगळा आहे. आजही अनेक गोमंतकीय घरांतील वडीलधारी मंडळी उन्हाळ्यात अंगदुखीवर उपाय म्हणून समुद्रस्नानाला जातात. परंतु बाहेरून आलेले पाहुणे घरी असले, त्यांच्यासोबत दोन-तीन वयांची मुले असली आणि त्यांना ‘गोवा दाखवायचा’ असला, की देवळे आणि चर्च झाल्यानंतर गाडी कोठे वळवावी हे कोडेच असते. फोंड्याहून निघून बोरीचा पूल ओलांडला की जुवारी नदीच्या पलीकडे लोटली लागते. मडगावहूनही ती साधारण दहा किलोमीटरच आहे. या गावात बिग फूट आहे.

कलावंत महेंद्र आल्वारिस यांनी १९९५ मध्ये ‘ॲन्सेस्ट्रल गोवा’ या नावाने ही जागा उभी केली, आणि आजही जुनी मंडळी तिला त्याच नावाने ओळखतात. सुमारे शंभर वर्षांपूर्वीचे गोव्यातले खेडे कसे असेल, हे झाडीने भरलेल्या चढउताराच्या जमिनीवर छोटेखानी घरे, झोपड्या आणि माणसांच्या आकृत्या उभारून दाखवणे, असे तिचे स्वरूप आहे. असे उघड्यावरचे संग्रहालय जगाला नवे नाही. स्टॉकहोममध्ये आर्थर हाझेलिउस यांनी १८९१ मध्ये उघडलेले स्कान्सेन हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध जुने उदाहरण आहे. मराठी वाचकाला मात्र यावरून कोल्हापूरजवळच्या कणेरी मठातले सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आठवेल. कणेरीला बलुतेदारांचा, वाड्यांचा, गुऱ्हाळांचा देश दिसतो, तर लोटलीला मासेमारीचे जाळे, माडाची सावली, गावातले तावेर्न म्हणजे दारूचे दुकान आणि भाटकाराचे म्हणजे जमीनदाराचे घर दिसते. कणेरीचा पसारा पुष्कळ मोठा आहे. लोटलीचा लहान आहे, आणि माझ्या मते तिचे निम्मे यश या लहानपणातच आहे, कारण सत्तरीतल्या माणसाला थकण्याच्या आत आणि पाच वर्षांच्या मुलाला कंटाळा येण्याच्या आत ती पाहून होते.

दुसरे कारण वाटेचे. येथे बसण्याचे, फिरण्याचे, उडण्याचे काही नाही; चालत जायचे, थांबायचे, पाहायचे आणि पुढे सरकायचे. रांग नसल्यामुळे कोणाला कोणासाठी खोळंबून राहावे लागत नाही, उंचीची पट्टी नसल्यामुळे कोणाला वगळले जात नाही, आणि प्रत्येक देखाव्यापाशी सगळे एकाच वेळी पोहोचतात. मोठ्या उद्यानांचे आराखडे काढणारे लोक पाहुण्यांना पांगवण्याचा विचार करतात, कारण गर्दी एका जागी तुंबली तर व्यवस्था कोलमडते. येथे सगळा मामला एकत्र ठेवण्याचा आहे. त्याचा सर्वांत मोठा लाभ असा, की देखाव्यासमोर उभे राहिल्यावर घरातल्या घरात बोलणे सुरू होते, आणि त्या बोलण्यात सर्वांत जास्त सांगण्यासारखे ज्याच्यापाशी असते तो बहुधा सर्वांत वयस्कर असतो. पिशव्या सांभाळणाऱ्या माणसाकडे वाटाड्याचे काम येते. थीम पार्कांच्या धंद्यात ही गोष्ट कोणी विकत आणू शकेल असे मला वाटत नाही.

याचा प्रत्यय आम्हाला फेणीच्या भट्टीपाशी आला. माझी आई फोंड्याकडच्या बांदिवड्याची, आणि तिच्या माहेरी काजूची बागायत होती. उन्हाळ्यात बोंडे गोळा करण्याचे काम तिने लहानपणी हाताने केलेले. भट्टी दिसताच ती थबकली आणि माहितीच्या फलकाची वाट न पाहता मुलांना सांगू लागली. बोंडे आधी कोळंबीत, म्हणजे तुडवण्याच्या कुंडात, घालून पायांनी तुडवायची, उरलेल्या चोथ्याचा ढीग करून त्यावर दगडाचे वजन ठेवायचे, आणि त्यातून थेंब थेंब गळणारा स्वच्छ नीरो घरातल्या मुलांसाठी तांब्यात धरून ठेवायचा. तुडवलेला रस काही दिवस आंबवला, की तो भानात, म्हणजे भट्टीवरच्या भांड्यात, ओतून खाली लाकडे पेटवायची. भानाच्या तोंडातून निघालेली वाफ नळीवाटे लवणीत, म्हणजे ती जमवण्याच्या मडक्यात, उतरायची आणि ती निवावी म्हणून लवणीवर गार पाणी ओतत बसायचे. “हे पाणी ओतायचे काम आम्हा पोरांचे,” ती म्हणाली, “डोळा लागला तर आजोबा ओरडत.” पहिल्या खेपेला उतरतो तो हुर्राक, आणि तो पुन्हा भट्टीला लावला की फेणी.

माझा मुलगा नववीत आहे, म्हणजे कौटुंबिक सहलीला येणे हाच अन्याय वाटण्याच्या वयात. तोपर्यंत तो आमच्यामागे दहा पावले अंतर राखून चालत होता. भान आणि लवणीचे वर्णन ऐकून तो पुढे आला आणि म्हणाला, “आजी, हे आम्हाला विज्ञानात आहे. ऊर्ध्वपातन. पाणी ओतायचे ते कंडेन्सरसाठी.” मग आजीने विचारले की कंडेन्सर म्हणजे काय, आणि त्याने काचेच्या नळीभोवती थंड पाणी कसे खेळवतात ते समजावले. अल्कोहोल पाण्याच्या आधी उकळते म्हणून पहिली धार कडक असते, हे त्याने सांगितल्यावर तिने मान हलवून “म्हणून ती वेगळी काढत,” असे उत्तर दिले. भट्टीपाशी हे दोघे इतका वेळ रेंगाळले, की आमच्या मागून आलेले एक कुटुंब पुढे निघून गेले. काजूचे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले आणि २००९ मध्ये गोव्याच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, ही भर मी घातली. पण तोपर्यंत माझी गरज कोणाला उरलेली नव्हती.

धाकटीचे म्हणाल तर तिला भट्टीशी काही देणेघेणे नव्हते. पहिलीतल्या मुलीला छोटी घरे, त्यांची छोटी दारे, कोंबड्या, मासे आणि टोपल्या पाहायच्या असतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला ‘हा काय करतो’ असे विचारायचे असते. या प्रश्नाला येथे प्रत्येक वेळी उत्तर आहे, ही आकृत्यांची मोठी जमेची बाजू. कोणी जाळे विणत आहे, कोणी बाजारात माल मांडून बसला आहे. नुसती शोभेसाठी उभी केलेली माणसे जवळपास नाहीतच. लोटली हे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांचे गाव. त्यांच्या चित्रांतल्या गोव्यातल्या गर्दीतही प्रत्येक माणूस आपापल्या उद्योगात गढलेला असतो, आणि मूल त्या चित्रात तासभर रमते. येथला अनुभव त्याच जातीचा आहे, फक्त तो मातीचा आणि चालत पाहण्याचा.

ज्या पावलाच्या खुणेवरून उद्यानाला नाव मिळाले ती खूण एका खडकावर आहे, आणि तिची कथा सर्व वयांना पुरते. महादर नावाचा एक धनवान, दानशूर जमीनदार होता. त्याच्या चांगुलपणाचा गैरफायदा घेऊन लोकांनी त्याला लुबाडले आणि त्याचे सर्वस्व गेले. त्याने देवाकडे मागणे मागितले ते प्रार्थनेपुरत्या जागेचे, आणि त्याला मिळाली ती जेमतेम एक पाऊल टेकेल एवढी. तेथे एका पायावर उभे राहून त्याने तप केले आणि खडकावर त्याचे पाऊल उमटले. शुद्ध मनाने येथे मागणे मागितले तर ते फळते, अशी समजूत आहे. धाकटीला त्याचा दुसरा पाय कोठे ठेवला होता याची चिंता लागली. आईला ध्रुवबाळाची आठवण झाली. मुलाने ही खूण पाण्याने झिजून झाली असेल असे सांगून टाकले, आणि त्यालाही कोणी गप्प केले नाही, कारण तिन्ही वयांची तिन्ही मते त्या खडकाशी निमूटपणे एकत्र नांदू शकतात. दंतकथेचा हाच उपयोग असतो. उद्यानाच्या रचनेकडे तांत्रिक नजरेने पाहिले तरी हे शहाणपणाचे आहे: डिस्नेलँडमध्ये रस्त्याच्या टोकाला किल्ला दिसत राहतो आणि पाहुण्याला ओढून नेतो, तसे लहान मुलाला “पुढे मोठे पाऊल आहे” एवढे सांगितले की ते शेवटपर्यंत कुरकुर न करता चालते.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे संत मीराबाईचे शिल्प, आणि येथे मात्र सगळ्यांनाच थांबावे लागते. चौदा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद अशी ही आकृती जांभ्या खडकाच्या सलग पसरलेल्या अंगावर आडवी कोरलेली आहे. महेंद्र आल्वारिस यांनी १९९४ मध्ये ती एकट्याने तीस दिवसांत पूर्ण केली आणि लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये तिची नोंद झाली. क्रिकेटच्या खेळपट्टीच्या सुमारे दोन तृतीयांश लांबी, असे मुलाने मनातल्या मनात मोजून सांगितले, आणि त्याच्या बहिणीला ते आकड्यांपेक्षा लवकर कळले. ज्यांनी जांभ्याच्या चिऱ्यांचे घर बांधताना पाहिले आहे त्यांना या शिल्पाचे मोल अधिक जाणवेल. जांभा जमिनीतून नुकता काढलेला असताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो आणि उघड्यावर राहिला की हळूहळू टणक होत जातो. पण त्याच्या अंगावर छिद्रे असतात, त्यात खडे असतात, आणि संगमरवरात किंवा काळ्या दगडात जशी पापणीची किंवा दागिन्याची बारीक रेघ काढता येते तशी त्यात काढू म्हटले तर कडा ढासळते. त्यामुळे शिल्पकाराला तपशिलाचा मोह टाळून मोठ्या वळणांवरच भर द्यावा लागतो. या मीराबाईत तेच झाले आहे. जवळून पाहताना केवळ छिन्नीचे घाव आणि खडबडीत लाल खडक दिसतो. चार पावले मागे सरले की त्यातून वस्त्राची घडी आणि भजनात बुडालेली मुद्रा आकार घेते. लहान मुलांना हे मागेपुढे करण्याचा खेळ फार आवडतो. आईने हात जोडले. साष्टीतल्या ख्रिस्ती कलावंताने मेवाडच्या कृष्णभक्त संत स्त्रीला आपल्या गावच्या चिऱ्यात कोरावे, यात तिला नवल वाटले नाही, आणि तिला नवल न वाटणे हे मला शिल्पाइतकेच पाहण्यासारखे वाटले.

आमच्यासारख्या अंत्रुज महालातून, म्हणजे फोंड्याकडून, येणाऱ्या कुटुंबाला लोटलीचा आणखी एक धागा आहे. बांदिवड्याच्या रामनाथीतील श्री रामनाथाचे मूळ स्थान लोटलीला होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात देवळांचा विध्वंस सुरू झाला तेव्हा भाविकांनी देव नदीपलीकडे आणला, जसा कुशस्थळीहून मंगेश आला आणि केळशीहून शांतादुर्गा आली. फोंडा तेव्हा पोर्तुगिजांच्या हाताबाहेर होता आणि पुढे १७६३ मध्येच त्यांच्याकडे गेला. आई ज्या देवळाच्या सावलीत वाढली त्या देवाचे गाव ती येथे पाहत होती. “आपला रामनाथ हा इथला,” असे तिने नातीला सांगितले, आणि मग तो एवढ्या लांब कसा आला, हे समजावताना तिची थोडी तारांबळ उडाली. उद्यानातले गाव जेथे सुरू होते त्याच्या कितीतरी आधीची ही हकिकत आहे, त्यामुळे ती तेथे शोधण्यात अर्थ नाही. पण गोव्याबाहेरून येणाऱ्या मराठी पाहुण्यांनी सकाळी रामनाथी आणि मग लोटली असा क्रम ठेवला, तर दोन्ही ठिकाणे एकमेकांवर प्रकाश टाकतात.

आता मला न पटलेली गोष्ट. बालकाला हे उद्यान भरभरून देते, वृद्धाला त्याहून अधिक देते, किशोरवयीन मुलाला योग्य क्षणी योग्य माणूस शेजारी असेल तर देते. कमी पडते ते माझ्यासारख्या चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला. ज्याला हे जीवन आठवत नाही आणि ज्याला ते अद्भुतही वाटत नाही, त्याला येथले गाव फार शांत वाटते. भाटकाराचे घर आहे, कष्टकऱ्यांच्या झोपड्या आहेत, आणि दोन्ही इतक्या गोडीगुलाबीने शेजारी मांडल्या आहेत की त्यांच्यातले नाते काय होते हे विचारण्याची कोणाला आठवण होऊ नये. गोव्यात भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणाऱ्या मुंडकाराला त्याच्या मर्जीवर जगावे लागे, बागेची राखण आणि वेठ करावी लागे, आणि मर्जी फिरली तर घर सोडावे लागे. गोवामुक्तीनंतर चौदा वर्षांनी, १९७५ मध्ये मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा झाला तेव्हा कोठे त्यांना आधार मिळाला. तो संघर्ष विधानसभेत झाला, न्यायालयांत झाला आणि काही घरांत अजूनही चालू आहे. मातीच्या आकृत्यांनी कायद्याचा इतिहास सांगावा अशी माझी अपेक्षा नाही. पण कुंभार, कोळी, शेतकरी आणि जमीनदार यांना एका वाटेवर आणले, तर कोणी कोणाला काय देत होता आणि कोणाकडून काय घेत होता, हे एखाद्या देखाव्यातून सूचित करता आले असते, आणि तसे केले असते तर मध्यमवयीन पाहुण्यालाही मुलांशी बोलायला काहीतरी मिळाले असते. स्मरणरंजनाचा हा दोष बिग फूटचा एकट्याचा नाही. अशा जवळपास प्रत्येक ग्रामसंग्रहालयात गाव नेहमी सुगीच्या दिवसांतच भेटते.

माझ्या वयाच्या वाचकांना म्हणूनच एक पर्याय सुचवतो. बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोमिश यांनी उभारलेले ‘गोवा चित्र’ हे संग्रहालय आहे. तेथे आकृत्यांऐवजी खरी अवजारे आहेत. नांगर, घाणे, मापे, भांडी, गाड्या, प्रत्यक्ष वापरून झिजलेल्या मुठी असलेल्या. वस्तूकडे पाहून तिच्या मालकाचे जीवन ताडण्याची ज्याला सवय आहे त्याला तेथे अधिक मिळेल. मात्र पहिलीतल्या मुलीला घाण्यापुढे फार वेळ उभे करता येत नाही, आणि ज्याने आयुष्यभर नांगर धरला त्याला तो भिंतीशी टेकलेला पाहण्यात फारसे स्वारस्य नसते. फोंड्याकडच्या मसाल्यांच्या बागाही कुटुंबांना आवडतात, पण तेथे वाटाड्या बोलतो आणि पाहुणे ऐकतात. आजीला तोंड उघडायला जागा राहत नाही. मीरामारचे विज्ञान केंद्र मुलांसाठी उत्तमच, फक्त तेथे आम्ही मोठे लोक पुन्हा बाकावर जाऊन बसतो.

या तुलनेत बिग फूटचे स्थान स्पष्ट होते. ज्ञान किती मिळाले असे विचाराल तर गोवा चित्र वरचढ आहे, आणि थरार हवा असेल तर कोणतीही जलक्रीडा बरी. पण एका दुपारी चार वेगवेगळ्या वयांची माणसे एकमेकांशी बोलत राहावीत, हे ज्याला हवे आहे त्याच्यासाठी गोव्यात मला याहून चांगली जागा माहीत नाही. पाहुण्यांमध्ये किशोरवयीन मुलेच असतील आणि सोबत वडीलधारे कोणी नसेल, तर मी येथे जाण्याचा आग्रह धरणार नाही. तशा मुलांचे येथे अर्ध्या तासात सगळे पाहून होईल आणि ती मोबाइल काढतील.

जाण्याच्या वेळेबद्दल थोडेसे. पावसाळ्यात लोटली हिरवीगार असते आणि भिजलेल्या जांभ्याचा रंग गडद तांबडा होतो, पण त्याच पावसात चिऱ्यांवर शेवाळ धरते, म्हणून वृद्धांच्या पायांत पकड घेणारी पादत्राणे हवीत आणि एका माणसाने त्यांचा हात धरून चालावे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळची वेळ गाठावी. उद्यानाच्या समोरच आल्वारिस कुटुंबाचे सुमारे अडीचशे वर्षांचे जुने घर आहे, ते पाहण्यासाठी वेळ राखून ठेवावा. छोट्या गावातल्या छोट्या घरांनंतर खऱ्या वाड्याच्या आकाराची कल्पना मुलांना तेथे येते, आणि भाटकार किती मोठा होता या प्रश्नाचे उत्तर कोणी न देताही मिळते. लोटलीच्या रस्त्यांवर अशी आणखी घरे आहेत. त्यांच्या बल्कांवांवर, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्यांवर, घरची माणसे बसलेली असतात, तेव्हा फाटकाबाहेरूनच पाहावे आणि कोणी हाक मारली तर थांबावे. लहान मुले सोबत असतील तर बिग फूट आधी आणि घरे नंतर, आणि आजी-आजोबा असतील तर त्यांना पुढे चालू द्यावे. माहितीचे फलक आपण मागून वाचले तरी चालतात.